'हात वर!' : शाळेची बास्केटबॉल टीम कशी काढायची आणि मॅचला माणसं कशी जमवायची

दरवर्षी जून उजाडला की कोणी ना कोणी विचारतंच, ताई आमच्या शाळेत पण रिंग आहे, दोन-चार उंच पोरं पण आहेत, टीम काढायची तर काय काय लागतं. मी प्रत्येकाला फोनवर अर्धा अर्धा तास सांगते आणि तरी अर्धं राहतंच, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. मी काही कोच नाही, सर्टिफिकेट-बिर्टिफिकेट नाही माझ्याकडे. परळ-लालबागच्या पट्ट्यातल्या एका मराठी शाळेत शिकले, तिथेच खेळले, आता बँकेत नोकरी करते आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी त्याच पटांगणात पोरांना खेळवते, सहा वर्षं झाली.

आधी ती गोष्ट सांगते जी मला कळायलाच तीन वर्षं लागली. आमच्या शाळेत टीम याआधी दोनदा निघाली आणि दोनदा बंद पडली. दोन्ही वेळेला सगळे म्हणाले पोरांना इंटरेस्ट नाही, क्लास असतात, मोबाइल असतो. काही नाही हो, पोरं येतात. होतं काय, पोरं लांब कुठेतरी जाऊन हरून येतात, दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला कोणी त्यांचं नाव घेत नाही, घरी आई विचारते गणिताचा पेपर मिळाला का, आणि तिसऱ्या मॅचनंतर पोरगं यायचं बंद होतं. कोणी बघतच नसेल तर खेळायचं कोणासाठी? म्हणून माझ्या हिशोबाने निम्मं काम कोर्टवर आणि निम्मं कोर्टच्या कडेला. लोक कडेचं काम शेवटी करू म्हणतात आणि ते शेवटचं कधी येतच नाही.

पण सुरुवात रिंगपासून करू, कारण तिथे आम्ही दोन सिझन माती खाल्ली.

रिंग मोजा. जमिनीपासून १० फूट, म्हणजे ३.०५ मीटर पाहिजे. आमच्या पटांगणात मधे पेव्हर ब्लॉक बसवले, मुंबईत कुठे नाही बसवले म्हणा, आणि त्याच्याखाली रेती-खडी टाकल्याने जमीन वर आली, खांब मात्र होता तिथेच. पोरं शाळेत धडाधड बास्केट टाकायची आणि बाहेर गेली की प्रत्येक शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागून खाली. आम्हाला वाटायचं टेन्शन घेतात. शेवटी एका रविवारी मंडपवाल्याची शिडी आणली, सुताराची टेप लावली, तर रिंग ९ फूट ७ इंच! पाच इंचांनी आमची वाट लावली होती. बोर्ड वर सरकवून बोल्ट परत मारायला वेल्डिंगवाल्याने एक दुपार घेतली, बस.

फ्री थ्रोची, म्हणजे फाऊलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटची, रेघ मारायची ती खांबापासून मोजून नाही, बोर्डच्या पुढच्या अंगापासून ४.६० मीटर. खांब मागे असतो, त्यामुळे खांबापासून मोजलं की सगळं चुकतं. पिवळा ऑइल पेंट, मे महिन्याच्या सुट्टीत, मुख्याध्यापिका बाईंना आधी विचारून. थ्री पॉइंटची रेघ ६.७५ मीटरवर असते पण ती पहिल्या वर्षी मारूच नका, मारलीत की सगळी पोरं तिथेच उभी राहून त्या अमेरिकेच्या स्टीफन करीच्या नावाने करी करी ओरडत बॉल भिरकावतात आणि लेअप, म्हणजे धावत येऊन रिंगजवळून उडी मारून टाकायची बास्केट, कोणालाच येत नाही.

बॉल रबराचा घ्या, बाहेरच्या जमिनीवर लेदरवाला महिनाभर पण टिकत नाही. कॉस्को किंवा निविया, धोबी तलावला स्पोर्ट्सच्या दुकानांची रांगच आहे, तिथे चार एकदम घेतले तर दुकानदार थोडे कमी करतो. मोठ्या मुलांना ७ नंबर, मुलींना ६, एकदम बारक्यांना ५. अंडर १४ ला कुठला बॉल चालणार ते स्पर्धा घेणाऱ्यांना आधीच विचारा, जागेवर जाऊन भांडू नका. आणि हवा भरताना सुई ओली करून घाला. कोरडी सुई खुपसून आमच्या एका हुशाराने नवा कोरा बॉल पहिल्याच दिवशी पंक्चर केला होता.

आता पोरं. सिलेक्शन ट्रायल वगैरे ठेवू नका, निदान पहिल्या वर्षी तरी. ट्रायल ठेवली की जो उंच तो आत आणि जो खरा खेळणारा तो बाहेर. मी शोधते खो-खो आणि लंगडीवाली पोरं. खो-खोवाल्याला धावता धावता दिशा बदलायची सवय असते, आणि लंगडी खेळलेल्या मुलीचा एका पायावरचा तोल असा असतो की लेअप तिला दोन दिवसात येतो. कबड्डीवाले पण घ्या, घाबरत नाहीत कोणाला, पण त्यांना पहिले दोन महिने समजवावं लागतं की बाबा इथे धरायचं नसतं. पाच फाऊल झाले की बाहेर, आणि आमचा एक कबड्डीवाला पहिल्या मॅचमध्ये चहा येण्याच्या आत पाच करून बसला होता.

पहिला महिना फक्त लेअप. खरंच सांगते, शाळेच्या मॅच लेअपवर जिंकतात आणि हरतात, शॉट नंतर. शिकवायचं कसं ते नीट सांगते कारण इथे सगळे घाई करतात. बॉल बाजूला ठेवा. खडूने जमिनीवर पावलं काढा, उजव्या हाताने टाकणाऱ्यासाठी आधी उजवं पाऊल, मग डावं, आणि डाव्यावरून उडी. पोरांना मोठ्याने म्हणायला लावा, उजवा, डावा, वर. उजवा, डावा, वर. तीन दिवस नुसतं हेच, रांगेत, बॉलशिवाय, आणि पोरं कंटाळणार, कंटाळू देत. चौथ्या दिवशी तुम्ही रिंगजवळ बॉल तळहातावर धरून उभं राहायचं आणि पोराने धावत येऊन दोन पावलांत तो उचलून वर टाकायचा. बोर्डवर जो छोटा चौकोन असतो त्याच्या आपल्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यावर बॉल लावायचा, जोरात नाही, ठेवल्यासारखा. त्यानंतर एक ड्रिबल, म्हणजे बॉल जमिनीवर एकदा आपटून, मग तीन. पाऊस आला आणि खडू पुसला गेला की परत काढायचा. आमच्याकडे सातवीतल्या एका मुलीने ती पावलं रांगोळीच्या ठिपक्यांसारखी अशी सुरेख काढली की शिपाई मामांनी झाडताना तेवढी जागा सोडली.

डाव्या हाताचं लगेच सुरू करू नका पण सोडू पण नका. दिवाळीनंतर.

अर्ध्या कोर्टचा एक मोठा लोच्या आहे तो आधीच सांगून ठेवते. मुंबईतल्या किती शाळांकडे पूर्ण कोर्ट असतं? पूर्ण कोर्ट २८ मीटर बाय १५ मीटर, आमच्याकडे तेवढ्यात शाळा, पटांगण आणि सरांच्या स्कूटर मावतात. पोरं एकाच रिंगवर वर्षभर खेळतात आणि पहिल्या खऱ्या मॅचला गेली की एक जण कानात विचारतो, ताई कोर्ट एवढं मोठं असतं? मग समोरची टीम अंगावर येते, प्रेस करते, आणि आपल्याला ८ सेकंदांत बॉल अर्ध्या रेषेच्या पुढे न्यायचा असतो तो नेताच येत नाही. आमची पहिली मॅच आम्ही ४४ विरुद्ध ६ हरलो आणि त्यातले निम्मे तरी पॉइंट असेच गेले, आपल्याच रिंगखाली बॉल हातातून काढून घेऊन त्यांनी टाकले. म्हणून महिन्यातून दोन रविवार कुठल्यातरी पूर्ण कोर्टवर जाच. महापालिकेचं ग्राउंड, ओळखीच्या कॉलेजचं, जे मिळेल ते, सकाळी सातच्या आधी गेलात तर बहुतेक ठिकाणी कोणी नाही म्हणत नाही. तिथे शॉट मारत बसू नका, फक्त बॉल इकडून तिकडे न्या, पास करून. ड्रिबल करत एकटा निघाला की गेला.

आणि पूर्ण टीम जमतच नसेल तर थ्री बाय थ्री खेळा, त्यात काही कमीपणा नाही. एक रिंग, तीन खेळाडू अधिक एक बदली, १० मिनिटं किंवा जो आधी २१ करेल तो. टोकियो ऑलिम्पिकपासून तो ऑलिम्पिकचा खेळ झालाय, त्यामुळे कोणी नाक मुरडलं तर हे सांगा. चार पोरांत टीम होते म्हणजे प्रत्येक वर्गाची टीम होऊ शकते, आणि हे वर्गाचं का सांगतेय ते पुढे येईलच.

परवानगी आणि कागद, हा भाग पटकन. मुख्याध्यापिका बाईंकडे जाताना "आम्हाला टीम काढायची आहे" म्हणून जाऊ नका, कागद घेऊन जा, कुठले तीन वार, किती ते किती, कोण मोठं माणूस हजर असणार, घटक चाचणी आणि सहामाहीच्या आधी आठ दिवस प्रॅक्टिस बंद. दोन अधिवेशनांची शाळा असेल तर दुपारवाल्यांचं काय ते आधीच लिहा. पालकांना मार्कांचं सांगायचं असेल तर खरं तेवढंच सांगा, वरच्या पातळीवरच्या स्पर्धा खेळलेल्यांना दहावी-बारावीला क्रीडा गुणांची सवलत असते, पण त्याचे नियम असतात आणि तुमचं पोरगं पहिल्याच वर्षी तिथे जाईल असं नाही. शालेय स्पर्धा अंडर १४, अंडर १७ आणि अंडर १९ अशा होतात. जन्मदाखला, बोनाफाईड, फोटो, सही-शिक्का, सगळ्यांची एक फाइल जुलैमध्येच करून ठेवा, कारण ऐन वेळेला एका पोराच्या जन्मदाखल्यावर नावच नसतं, नुसतं "मुलगा" लिहिलेलं असतं, आणि तो नेमका तुमचा पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ चालवणारा, असतो.

जर्सीवर ४ ते १५ नंबर छापा. आता ० पासून ९९ पर्यंत चालतात पण वर्षानुवर्षं ४ ते १५ च होते, कारण १, २, ३ रेफरी बोटांनी दाखवतो ते पॉइंटसाठी, घोळ नको म्हणून. ४ ते १५ छापलं की कुठेच अडत नाही. छापणारा तोच पकडा जो गणपतीत मंडळांचे टीशर्ट छापतो, पण गणपतीच्या आधीच्या महिन्यात त्याच्याकडे जाऊ नका, तो फोन उचलणार नाही.

आता कडेचं काम.

पहिली मॅच घरी खेळवा. स्पर्धा कुठेतरी लांब असते, वर्किंग डेला, सकाळी अकरा वाजता, तिथे कोण येणार? म्हणून जवळच्या एका शाळेला बोलवा, शनिवारी दुपारी, फ्रेंडली. चार क्वार्टर दहा-दहा मिनिटांचे लिहिलेत तरी पहिल्यांदा आठ-आठचेच ठेवा, पोरं दमतात आणि मॅच लांबली की आया उठतात. साडेचारला सुरू करा. चारला म्हणजे ऊन असतं आणि साडेपाचला म्हणजे संध्याकाळचा स्वयंपाक, साडेचार ही जागेवर घासून काढलेली वेळ आहे. खुर्च्या मांडू नका, खुर्च्या मांडल्या की पुढे पाहुणे बसतात आणि पोरं मागे. सतरंज्या टाका, पाचवी-सहावी एकदम पुढे. गळा फक्त पाचवीलाच असतो, नववीची पोरं लाजतात.

बझर नव्हता आमच्याकडे. शिपाई मामांना म्हटलं क्वार्टर संपला की शाळेची घंटा द्याल का. मामा आधी म्हणाले घंटेचं काम शाळेचं आहे, खेळाला नाही वाजवणार, आणि मग मॅचच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून घंटेपाशी घड्याळ हातात घेऊन उभे. आता ते स्कोअरशीटवाल्याला पण ओरडतात, फाऊल लिहिला का म्हणून.

माइकवर मंडळात अनाउन्समेंट करणारा एखादा नववी-दहावीतला पोरगा असतोच, त्याला पकडा, आणि त्याला एकच नियम सांगा. बास्केट झाली की पोराचं नाव घ्यायचं आणि लगेच वर्ग. "आठवी ब!" एवढंच. शाळेचं नाव ओरडलं की कोणाला काही वाटत नाही, शाळा सगळ्यांचीच आहे, पण आठवी ब म्हटलं की आठवी बची अख्खी सतरंजी उठून उभी राहते आणि आठवी अला राग येतो की आपल्या वर्गातला कोणी कसा नाही. पुढच्या सोमवारी आठवी अमधून चार पोरं प्रॅक्टिसला आली होती. वर्गावर्गांची थ्री बाय थ्री मी म्हणाले ती याच्यासाठी, तीन शनिवार मधल्या सुट्टीनंतर घ्या, टीमला नवीन पोरं पण मिळतात आणि बघणाऱ्यांना खेळ पण कळतो.

कारण लोकांना खेळ कळत नाही, हे मान्य करा. क्रिकेटमध्ये आजीला पण एलबीडब्ल्यू कळतो, इथे शिट्टी वाजली की सगळे एकमेकांकडे बघतात. आम्ही मॅचच्या आदल्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर दोन मिनिटांची व्हॉइस नोट टाकतो, साध्या भाषेत. बॉल हातात धरून चालायचं नाही. एकदा ड्रिबल थांबवला की परत सुरू करायचा नाही, पोरं त्याला डबल म्हणतात. जवळून दोन, त्या लांबच्या रेषेबाहेरून तीन, फ्री थ्रोचा एक. एका क्वार्टरमध्ये टीमचे चार फाऊल झाले की पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो. बस, यापुढे सांगितलं की कोणी ऐकत नाही. एका पोराची आजी व्हॉइस नोट ऐकून आली आणि फ्री थ्रो हुकल्यावर मोठ्याने म्हणाली, "अरे समोर कोणी आडवा पण नाही, तरी जाईना होय रे!" सगळं पटांगण हसलं, तो पोरगा पण हसला, आणि दुसरा टाकला त्याने.

ओरडायचं काय हे पण ठरवून द्यावं लागतं, नाहीतर आवाज होतो पण पोरांना काही उपयोग नाही. आमच्याकडे दोनच घोषणा आहेत आणि दोन्ही माझ्याच प्रॅक्टिसमधल्या सूचना आहेत. बॉल समोरच्याकडे असला की "हात वर! हात वर!" आणि आपला शॉट हुकला की "मागे या! मागे या!" डिफेन्स करताना बारक्या पोरांचे हात खाली पडतात, हे मी घसा फोडून सांगितलं तरी तिसऱ्या क्वार्टरला ते विसरतातच, पण दीडशे जण टाळीच्या ठेक्यावर हात वर म्हणतायत म्हटल्यावर कोणाची बिशाद आहे हात खाली ठेवायची. पाचवीची पोरं स्वतःचेच हात वर करून ओरडतात, ते बघायला पण भारी वाटतं. तुम्ही तुमचे शब्द घ्या, फक्त सूचना असू द्या.

ढोल आणू नका. आम्ही आणला होता. लालबाग आहे म्हटल्यावर ढोल येणारच, दोन ढोल एक ताशा, माजी विद्यार्थी आणि त्यांचं पथक, हौस सगळी. रेफरीची शिट्टीच ऐकू येईना, आमचा पोरगा शिट्टीनंतर पण पळत जाऊन बास्केट टाकून नाचतोय आणि रेफरी इकडे हात दाखवतोय, दोनदा असं झाल्यावर त्यांनी मॅचच थांबवली. पाहुण्या शाळेच्या सरांची मी माफी मागितली. आता पथकवाले मॅच संपल्यावर गेटपाशी पाच मिनिटं वाजवतात, दोन्ही शाळांसाठी, हरलो तरी.

समोरच्याच्या फ्री थ्रोला हूऽऽ करायचं नाही, हा आमचा नियम. मला माहितीय मोठ्या मॅचमध्ये करतात. बारा-तेरा वर्षांचं पोरगं परक्या पटांगणात एकटं रेषेवर उभं आहे, त्याला काय हूऽऽ करायचं. पाचवीतले करतात, त्यांच्या बाईंना तिथेच बसवा.

कोणाला वाटेल शाळेच्या मॅचला एवढं कोण करतं. अमेरिकेत इंडियाना नावाचं राज्य आहे, तिथे शाळेचं बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडची दहीहंडी समजा. १९५४ साली तिथल्या मिलन नावाच्या खेड्यातली शाळा, पटावर १६१ पोरं, राज्याची फायनल जिंकली, मन्सी सेंट्रल नावाच्या मोठ्या शाळेला ३२-३० ने हरवून. त्यांच्या बॉबी प्लम्पने शेवटच्या क्वार्टरमध्ये चार मिनिटांवर बॉल नुसता हातात धरून ठेवला होता, शॉट क्लॉक नव्हता तेव्हा, आणि शेवटच्या क्षणी बास्केट टाकली. आता पोरांना हे सांगितलं की ती पण बॉल धरून बसतात, त्यामुळे २४ सेकंदांत शॉट मारायचाच हा आताचा नियम सोबत सांगा. त्याच इंडियानाची एनबीएमधली, म्हणजे अमेरिकेच्या मोठ्या लीगमधली, पेसर्स टीम ऑक्टोबर २०१९ मध्ये आपल्या वरळीला डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्सशी खेळून गेली, ओव्हरटाइममध्ये १३२-१३१, आणि पहिल्या दिवशी बघायला होती ती सगळी शाळेची पोरं. म्हणजे मुंबईत पोरांना बघायचं नाही असं काही नाही.

आणि एवढं लांब जायची पण गरज नाही. आपल्याच मुंबईतलं नागपाडा. तिथल्या गल्ल्यांमधून भारताच्या टीममध्ये पोरं गेलीत, अब्बास मुंतासिर तिथलेच, भारताचे कॅप्टन झाले, १९७० चा अर्जुन पुरस्कार. तिथे संध्याकाळी कोर्टच्या जाळीला टेकून उभी राहणारी म्हातारी माणसं बघा, एकेका पासवर कॉमेंट करतात, पोरगं चुकलं तर नावाने हाक मारून सांगतात. आमच्या पोरांना मी वर्षातून एकदा मुद्दाम तिथे नुसतं बघायला नेते, आणि जमलं तर माटुंग्याला डॉन बॉस्कोत सॅव्हियो कप असतो तेव्हा तिथे. खेळाडूंकडे तर बघाच म्हणते, पण जाळीबाहेरच्यांकडे पण बघा. हा खेळ मुळात १८९१ साली अमेरिकेत वायएमसीएच्याच एका ट्रेनिंग स्कूलमध्ये पीचच्या टोपल्या टांगून सुरू झाला हे मी पोरांना नागपाड्याच्या मस्तान वायएमसीएसमोर उभं राहून सांगते, तिथे त्यांच्या लक्षात राहतं.

मुलींच्या टीमचं वेगळं काही नाही असं लोक म्हणतात, पण आहे. मुली खेळतात उत्तम, अडतं ते वेळेवर आणि कपडे बदलायच्या जागेवर. प्रॅक्टिस सहाला संपवा म्हणजे सहालाच, सव्वासहा नाही, कारण एकदा उशीर झाला की एका घरातून नाही, चार घरांतून फोन येतात. बाहेरच्या मॅचला एक तरी आई बरोबर घ्या, फिरती पाळी लावा. गंमत म्हणजे आयांचा सगळ्यात पक्का ग्रुप मुलींच्या मॅचमधूनच तयार झाला, डबे, लिंबू सरबत, केसांच्या पिना, सगळं त्यांच्याकडे असतं. आमच्या शाळेत आता मुलींच्या मॅचला जास्त गर्दी असते, मुलं चिडतात, चिडू देत.

लांबच्या मॅचला लोकलने जा. करीरोडवरून भायखळा दोन स्टेशनं, पुढे नागपाड्यापर्यंत चालत. बारा पोरं, एकच डबा, चढताना मोजा, उतरताना मोजा, आणि बॉल जाळीच्या पिशवीत घाला, हातात दिलात तर फलाटावर ड्रिबल करणारच. शाळेतून कोणी येऊ शकत नसेल तर निदान एकाने स्कोअर पाठवत राहा ग्रुपवर, प्रत्येक क्वार्टरनंतर, फोटो नको, आकडे. शिपाई मामा तो स्कोअर ऑफिसबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहितात, मधल्या सुट्टीत पोरं तिथे गोळा होतात.

हरलात तर दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला स्कोअर जसा आहे तसा वाचायचा. "चांगली झुंज दिली" वगैरे म्हणू नका, पोरांना सगळं कळतं. ३१-२२ हरलो, आठवी बच्या अमुकने नऊ रिबाउंड, म्हणजे हुकलेले बॉल, घेतले, सातवी कच्या तमुकीने स्कोअरशीट लिहिली, पुढची मॅच शनिवारी. संपलं. स्कोअरशीट लिहिणारीचं, पाणी नेणाऱ्याचं नाव घ्यायलाच पाहिजे, त्यांचे आईबाप पण मॅचला यायला लागतात.

पैसे माजी विद्यार्थ्यांकडून, पन्नास-शंभर-पाचशे, जे देतील ते, पण पावती द्या आणि वर्षाच्या शेवटी हिशोब नोटीस बोर्डला लावा, मंडळ लावतं तसा. एका दात्याने मला सांगितलं होतं की सगळा खर्च मी करतो, जर्सीवर माझा फोटो छापा. पोरांच्या छातीवर कोणाचा फोटो नको, नाही म्हटलं. त्या वर्षी जर्सीऐवजी पीटीच्या टीशर्टवर पांढऱ्या चिकटपट्टीने नंबर लावून खेळलो, दुसऱ्या क्वार्टरपर्यंत घामाने निम्मे नंबर सुटून पडले, रेफरीची चिडचिड झाली, पण चाललं.

अजून एक, नेट. रिंगला नेट कायम दोन घेऊन ठेवा, एक लावलेलं आणि एक कपाटात, कारण ऊन-पावसात नेट झिजतं आणि गणपतीपर्यंत नुसत्या चार दोऱ्या लोंबत असतात. नेट नसेल तर बॉल आतून गेला की बाहेरून यावर लांब बसलेल्यांची भांडणं होतात, आणि बॉल आत गेल्याचा तो चर्रकन आवाज पण येत नाही. सतरंजीवरच्यांना तोच आवाज कळतो, नियम कळो न कळो. बांधताना प्रत्येक हुकाला दोन गाठी मारा. शिडी मंडपवाल्याकडून आणा, तो पैसे घेत नाही, फक्त मॅच कधी आहे ते विचारतो.